नमुना नापास झाला, पण कुणाच्या प्रयोगशाळेत?

गणपती-दिवाळी जवळ आली की ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी हमखास फिरते. अन्न व औषध प्रशासनाचा छापा, इतके किलो पनीर जप्त, इतका खवा नष्ट. सोबत निळ्या पिंपांचा फोटो. दोन महिन्यांनी बघावं तर दुकान उघडं आणि गर्दीही तशीच. मग ग्रुपवर निकाल लागतो, "मॅनेज झालं असणार!"

मॅनेज होतही असेल कुठे. पण छापा आणि शिक्षा यांच्यामधल्या काळात काय घडतं, हे आपल्याला कुणी नीट सांगतच नाही. जप्ती संशयावर होते, दंड मात्र पुराव्यावर होतो. खाण्याच्या पदार्थाच्या बाबतीत पुरावा म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल. तो अहवाल खरा कशावरून, हे ठरवायला प्रयोगशाळांच्याही वर प्रयोगशाळा असतात. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात दोन ओळीही येत नाहीत. तुर्भ्याच्या एमआयडीसीत अन्नतपासणीच्या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे मला हे फार खटकतं, म्हणून हा लेख.

काट्यालाही काटा लागतो

वाशीच्या एपीएमसीत कांदे घेताना व्यापाऱ्याच्या काट्यावर आपला विश्वास का बसतो? वैधमापन विभागाचा निरीक्षक ठरावीक काळाने येऊन आपल्याजवळच्या प्रमाणित वजनांनी तो काटा तपासतो आणि शिक्का मारतो, म्हणून. मग निरीक्षकाची वजनं बरोबर कशावरून? तीही त्यांच्यापेक्षा काटेकोर वजनांशी ताडून पाहिलेली असतात, आणि ती त्याहून वरच्या वजनांशी. ही साखळी कुठेही तुटली, तर खालच्या सगळ्या शिक्क्यांना काही अर्थ उरत नाही.

अन्नाच्या तपासणीत हेच घडतं. नेहमीची प्रयोगशाळा दुधातलं फॅट, मसाल्यातलं शिसं, भाजीवरचं कीटकनाशक मोजते. ती बरोबर मोजते का, हे पाहणारी वरची प्रयोगशाळा म्हणजे संदर्भ प्रयोगशाळा.

आपल्याकडे तिची दोन कामं दोन प्रकारच्या संस्थांकडे विभागलेली आहेत. एखाद्या नमुन्यावर वाद झाला तर अंतिम निकाल देते ती रेफरल प्रयोगशाळा. आणि तपासणीच्या पद्धती ठरवणं, त्या पडताळणं, बाकीच्या प्रयोगशाळांची परीक्षा घेणं, माणसं तयार करणं हे काम राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचं. जुन्या १९५४च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली वादाचे नमुने कोलकाता, गाझियाबाद, म्हैसूर आणि पुणे इथल्या चार केंद्रीय प्रयोगशाळांकडे जात. आता अन्न सुरक्षा व मानदे कायदा, २००६ लागू आहे आणि त्याच्या कलम ४३ खाली केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, अशा प्रयोगशाळांना मान्यता देतं. प्राधिकरणाची स्वतःची एक राष्ट्रीय अन्न प्रयोगशाळा तर आपल्या जवळच, न्हावा शेवा बंदराच्या परिसरात आहे.

एका बाटलीचा प्रवास

समजा, अन्न सुरक्षा अधिकारी एका डेअरीत आले आणि त्यांनी सुटं म्हशीचं दूध नमुन्यासाठी मागितलं. आधी लेखी नोटीस दिली जाते. मग भांड्यातलं दूध नीट ढवळतात, कारण मलई वर आलेली असली तर वरच्या आणि तळाच्या दुधात फॅट वेगळं भरतं. ते चार स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत सारखं ओततात. दूध टिकावं म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मेलिनचे मोजके थेंब घालतात आणि घातल्याचं लेबलवर लिहितात. बूच घट्ट लावून बाटली जाड कागदात गुंडाळतात. त्यावर सांकेतिक क्रमांक आणि वरिष्ठांची सही असलेली चिठ्ठी चिकटवतात, दोरा बांधतात आणि लाखेची चार सीलं लावतात. शेवटी दुकानदाराची सही घेतात, ती अशी की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर येईल. उद्या कुणी चिठ्ठी उचकटून दुसरी लावलीच, तर सही जुळणार नाही.

लाख वितळवून सील लावणं आजच्या काळात जुनाट वाटतं. पण पुढचा सगळा निकाल या अर्ध्या-अर्ध्या सहीवर उभा असतो. नमुना बदलला गेला असं नुसतं वाटण्याइतपत जागा राहिली, तरी कोट्यवधींच्या यंत्रावर काढलेला आकडा न्यायालयात टिकत नाही.

चार भागांचं काय होतं? एक अन्न विश्लेषकाकडे जातो. कायद्यात या नावाचं अधिकृत पद आहे, आणि त्याने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे, राखून ठेवतात. दुकानदाराने मागणी केली, तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. दोन्ही अहवाल जुळले नाहीत, तर राखून ठेवलेल्यांपैकी एक भाग रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निकाल अंतिम असतो. चौथा भाग पाठवलेला नसला तरी अन्न विश्लेषकाच्या अहवालावर दुकानदाराला ३० दिवसांत अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला पटलं तर तो नमुनाही रेफरलकडे जातो.

"एवढ्या पळवाटा कशाला?" असं ग्रुपवर कुणी तरी विचारतंच. पण माल नुसता कमी दर्जाचा निघाला तरी ५ लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने कुणाचा जीव गेला, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. एवढं पणाला लागलेलं असताना दुसऱ्या तपासणीचा हक्क मिळायलाच हवा. खरं सांगायचं तर हा हक्क ग्राहकाच्याही हिताचा आहे. जो निकाल दुसऱ्या तपासणीतही टिकतो, त्यालाच भेसळ करणारा खरा घाबरतो.

दोन प्रयोगशाळा, दोन आकडे: कुणी तरी पैसे खाल्ले का?

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

एकच नमुना चांगल्या दहा प्रयोगशाळांना दिला, तर दहा थोडे वेगळे आकडे येतात. अमेरिकी रसायनतज्ज्ञ विल्यम हॉर्विट्झ यांनी अनेक प्रयोगशाळांच्या एकत्रित अभ्यासांचे निकाल गोळा करून १९८०मध्ये यातला नियम दाखवून दिला. मोजायची गोष्ट पदार्थात जितकी कमी, तितकी प्रयोगशाळांमधली तफावत जास्त. शंभरात एक भाग असेल तर साधारण ४ टक्के तफावत चालते. किलोमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम असेल, तर साधारण १६ टक्के. त्याच्याही हजाराव्या भागावर, म्हणजे पीपीबीच्या पातळीवर, ती सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत जाते. यात कुणाची लबाडी नसते. इतकी बारीक गोष्ट मोजण्याचाच तो स्वभाव आहे.

आता दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१चं बघा. गुरांच्या बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणारं हे विष. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा पीपीबी. युरोपात ती याच्या दहाव्या भागाइतकी, ०.०५. एका प्रयोगशाळेत ०.४५ आला आणि दुसरीत ०.५५, तर एकीकडे दूध पास, दुसरीकडे नापास, आणि दोघी आपापल्या परीने प्रामाणिक. हा प्रश्न कागदावरचा नाही. एफएसएसएआयने २०१८मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. त्यात थेट भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ होते, तर अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८. आपण युरिया आणि डिटर्जंटच्या धास्तीत असतो, आणि मोठा त्रास पेंडीच्या पोत्यातून येत असतो.

अशा सीमेवरच्या आकड्यांवर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. ज्या प्रयोगशाळेची पद्धत पडताळलेली आहे आणि जी आपल्या आकड्यातली अनिश्चितता किती हे लेखी सांगू शकते, तिचाच तो मान.

परीक्षकांची परीक्षा

तफावत नैसर्गिक आहे की कामातल्या ढिलाईमुळे, हे ओळखायचं कसं? संदर्भ प्रयोगशाळा एक नमुना तयार करते. समजा, डाळिंबाचा गर, त्यात ठरावीक कीटकनाशक ठरावीक प्रमाणात. तो गर एकजीव करून बाटल्यांत भरतात आणि सहभागी प्रयोगशाळांना पाठवतात. आत काय आणि किती, हे कुणालाच सांगत नाहीत. उत्तरं आली की प्रत्येकीला गुण मिळतात. त्याला झेड-स्कोअर म्हणतात. तो उणे २ ते अधिक २ मध्ये असेल तर ठीक. ३ किंवा त्यापुढे गेला, मग अधिक असो वा उणे, तर नापास, आणि मग चूक शोधून सुधारल्याचं दाखवावं लागतं. या प्राविण्य चाचणीचा निकाल यायचा असतो त्या आठवड्यात प्रयोगशाळेतली हवा वेगळीच असते. वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसंही गप्प गप्प वावरतात.

दुसरं काम त्याहून अवघड आहे. भेसळ करणारा स्वस्थ बसत नाही. तपासणी कशाची होते हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्यातली फट शोधतो. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन, म्हणजे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन, मिसळलं गेलं, ते असंच. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. पाणी घातलेलं दूध पास होत गेलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली.

मधाची गोष्ट आपल्या घरातली आहे. मधमाश्या ज्या झाडांच्या फुलांवर जातात, त्या बहुतेक झाडांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत ऊस आणि मक्यापेक्षा वेगळी असते. त्यामुळे मधातल्या आणि उसाच्या साखरेतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं येतं. यावर बेतलेल्या चाचणीत उसाचा किंवा मक्याचा पाक पकडला जायचा. मग तांदळापासून केलेला पाक आला. भात हा या बाबतीत फुलझाडांच्याच गटातला, त्यामुळे जुनी चाचणी फसली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने डिसेंबर २०२०मध्ये १३ ब्रँडच्या मधाचे निकाल जाहीर केले. भारतीय मानकांच्या चाचण्यांत बहुतेक ब्रँड पास झाले होते. तेच नमुने जर्मनीत एनएमआर नावाच्या आणखी बारीक तंत्राने तपासले, तेव्हा १३पैकी १० अडकले. कंपन्यांनी तो निष्कर्ष अमान्य केला आणि वाद रंगला. वाद कसाही सुटो, एक गोष्ट दिसून आली. चाचणी जेवढं विचारते, तेवढंच उत्तर मिळतं. नवे प्रश्न विचारायला शिकवणं हे संदर्भ प्रयोगशाळेचं काम आहे, आणि तिथे पैसा आणि हुशार माणसं दोन्ही लागतात.

मॅगीच्या खटल्यात नेमकं काय झालं

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून घेतलेला मॅगी नूडल्सचा नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला आणि शिसं १७.२ पीपीएम आल्याचा अहवाल आला. मर्यादा २.५. पुढे इतर राज्यांतूनही अहवाल आले. ५ जून २०१५ रोजी एफएसएसएआयने देशभर विक्री थांबवण्याचा आदेश काढला. मॅगी बनवणारी नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि १३ ऑगस्टला न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

का रद्द केला, हे फार थोड्यांना माहीत असतं. एक कारण असं की कंपनीला म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. दुसरं कारण आपल्या विषयाचं. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना कायद्यात लागते तशी मान्यता नव्हती, म्हणून त्या निकालांवर विसंबता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाने मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला लावली. ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्या निकालांत शिसं मर्यादेच्या आत होतं. नोव्हेंबरात पाकिटं पुन्हा दुकानांत आली.

१७.२ आणि २.५ यांच्यातलं अंतर १६ टक्क्यांच्या नैसर्गिक तफावतीत बसत नाही. जूनच्या आधीच्या पाकिटांत खरोखर काय होतं, यावर आजही लोक वाद घालतात. मला त्याहून गंभीर वाटतं ते हे, की शिक्का नसलेला काटा घेऊन सरकार देशातल्या एका मोठ्या कंपनीसमोर उभं राहिलं. उद्या खरोखर विषारी पदार्थ सापडला आणि त्याचा उत्पादक याच मुद्द्यावर सुटला, तर?

नाशिकच्या द्राक्षांनी शिकवलेलं

चांगलं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. २००३मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातीला धक्का बसला. त्यानंतर पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेला निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय रेफरल प्रयोगशाळेचं काम मिळालं. कोणती रसायनं तपासायची याची यादी, त्यांच्या पद्धती, खासगी प्रयोगशाळांवर नजर, त्यांच्या प्राविण्य चाचण्या हे सगळं तिथून चालू लागलं. न्हावा शेव्याहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरमागे ही साखळी उभी असते.

तीही एकदा कमी पडली. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढ-नियंत्रक, युरोपच्या तपासणीत सापडलं. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. द्राक्षं इथून 'पास' होऊन गेली आणि तिकडे अडकली. शेतकऱ्यांचं मोठं नुकसान झालं. नंतर ते यादीत आलं. देशांतर्गत बाजारासाठी, म्हणजे तुम्हीआम्ही खातो त्या भाजी-फळांसाठी, इतकी कडक साखळी नाही, हे मला मनापासून लागतं. परदेशी ग्राहकासाठी जे जमतं, ते ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी घेणाऱ्यासाठीही जमायला हवं.

"आयोडीन टाकलं की कळतं की!"

घरगुती चाचण्या वाईट नाहीत. पनीरचा तुकडा उकळून गार करून त्यावर आयोडीन टाकलं आणि तो निळा झाला, तर पिठूळ भेसळ आहे. पण निळा झाला नाही म्हणजे पनीर शुद्ध, असं नव्हे. वनस्पती तेलापासून केलेल्या नकली पनीरमध्ये पिठूळ काहीच नसेल, तर आयोडीन तिथे मुकं असतं. त्यासाठी स्निग्धांश वेगळा काढून त्यातली मेदाम्लं आणि वनस्पतींमध्येच आढळणारे स्टेरॉल तपासावे लागतात. फिरत्या व्हॅनमधल्या चाचण्याही प्राथमिकच असतात. संशय घ्यायला त्या पुरतात, शिक्षा द्यायला नाही.

"अहवाल येईपर्यंत सण संपतो"

ही तक्रार रास्त आहे आणि तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. अन्न विश्लेषकाचे १४ दिवस, अपिलाचे ३०, मग रेफरल, मग सुनावणी. उशीर पुरावाही खातो. १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्ली महापालिका विरुद्ध घिसाराम हा दह्याच्या नमुन्याचा खटला होता. दुसऱ्या तपासणीसाठी पाठवलेलं दही तोपर्यंत इतकं नासलं होतं की त्याचं विश्लेषणच होऊ शकलं नाही. खटला भरायला केलेल्या उशिरामुळे आरोपीचा हक्क गेला, म्हणून तो सुटला. जंतूंच्या तपासणीत तर अडचण आणखी मोठी. तिथे फॉर्मेलिन घालता येत नाही, कारण ते जंतूच मारतं. नमुना बर्फात न्यावा लागतो आणि महिन्याने केलेल्या फेरतपासणीला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून जवळ प्रयोगशाळा असणं, तिथे पुरेसे विश्लेषक असणं, ही गोष्ट छाप्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे.

"खासगी प्रयोगशाळेने पास केलंय"

महापे, रबाळे, वागळे इस्टेटच्या पट्ट्यात चांगल्या खासगी प्रयोगशाळा आहेत. पण अहवाल हातात आला की दोन गोष्टी बघा. एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून त्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीनिहाय असते. पाण्याच्या चाचणीची मान्यता असलेल्या ठिकाणी तुपाचा अहवाल मिळाला, तर त्यावर तो शिक्का असायला नको. दुसरं, अहवालात कुठे तरी लिहिलेलं असतं की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. नमुना विक्रेत्याने स्वतः निवडून दिला असेल, तर तो अहवाल त्या एका डब्याबद्दल बोलतो, तुमच्या घरी येणाऱ्या मालाबद्दल नाही.

ग्राहक स्वतः काय करू शकतो

कायद्याचं कलम ४० फारसं कुणी वापरत नाही. त्यानुसार साधा ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. अट एकच. खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं, की मी हे तपासणीला देणार आहे. पदार्थ कायद्यात बसत नसल्याचं निघालं, तर भरलेलं शुल्क परत मिळतं. एवढं करायचं नसेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणि पुढच्या वेळी जप्तीची बातमी आली की माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा. नमुने किती घेतले, त्यातले किती अहवाल मुदतीत आले, आणि रेफरल प्रयोगशाळेत गेलेल्यांपैकी किती टिकले.